हिंसेच्या कथनातील कर्ता

विद्वान मनुष्याच्या हातून स्वदेशाचा पक्षपात घडतो, तेव्हा तो असत्य बोलत असतोच असे नाही. बहुधा त्याच्यापाशी पुराव्याची दोन मापे असतात. परक्यांनी केलेल्या अत्याचाराची वार्ता कानी आली, की एखाद्या निर्वासिताने सांगितलेली ऐकीव हकिकतही त्यास पुरेशी वाटते. स्वकीयांच्या अत्याचाराची वार्ता आली, की त्यास अस्सल कागद हवा असतो. कागद मिळाला तर त्यावरील शिक्का हवा असतो. आणि शिक्काही मिळाला, तर तत्कालीन परिस्थितीचे समग्र आकलन झाल्यावाचून मत देणे त्यास उचित वाटत नाही. यातील दुसरे माप वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. इतिहासाचे सारे शास्त्र त्यावरच उभे आहे. परंतु पहिले माप कोठे लावावयाचे व दुसरे कोठे, याचा निर्णय जेव्हा राष्ट्राच्या सीमारेषेवरून होऊ लागतो, तेव्हा शास्त्राचे शास्त्रपण संपते. जगातील हिंसेविषयी विद्यापीठांतून, परिषदांतून व नियतकालिकांतून जे लेखन होते, ते या निकषावर घासून पाहावे असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय जुना झालेला नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाचे सैन्य युक्रेनमध्ये घुसले, आणि पुढच्याच महिन्यात रशियातील विद्यापीठप्रमुखांच्या संघाने आपल्या शासनाच्या पाठीशी उभे राहण्याचे निवेदन प्रसिद्ध केले. त्यापूर्वी काही दिवस त्याच देशातील शास्त्रज्ञांनी युद्धाच्या निषेधाचे खुले पत्र काढले होते. २०२३ च्या ऑक्टोबरनंतर इस्रायल व गाझा ही नावे उच्चारताच जगातील कित्येक विद्यापीठांची अंगणे दुभंगली. या ताज्या जखमांविषयी येथे आम्ही लिहीत नाही. त्यांचे कागद अद्याप पुरते उघडलेले नाहीत, आणि वाचकांच्या मनांतील पारडी आधीच झुकलेली आहेत. शंभर वर्षांहून जुनी, जिचे बहुतेक कागद तपासून झाले आहेत अशी एक जखम आम्ही निवडतो. आमच्यापैकी कोणाचाही तीत हितसंबंध नाही, म्हणून ती शिकण्यास सोयीची. या सोयीमुळे कोणती फसगत होते, ते पुढे पाहूच.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्य तटस्थ बेल्जममधून फ्रान्सकडे निघाले. २५ ऑगस्टच्या रात्री लूव्हाँ या विद्यापीठनगरीत गोळीबाराचे आवाज उठले. नागरिकांनी खिडक्यांतून गोळ्या झाडल्या अशी सैनिकांची समजूत झाली. पुढील काही दिवसांत शहरातील २४८ नागरिक मारले गेले, शेकडो घरांना आग लावण्यात आली, आणि विद्यापीठाचे ग्रंथालय दोन लाखांहून अधिक ग्रंथ व दुर्मिळ हस्तलिखिते यांसह भस्मसात झाले. त्याच आठवड्यात, २३ ऑगस्ट रोजी, दीनाँ या गावी ६७४ नागरिकांचे प्राण घेण्यात आले होते.

४ ऑक्टोबर रोजी जर्मनीतील त्र्याण्णव विद्वानांनी, शास्त्रज्ञांनी व कलावंतांनी सुसंस्कृत जगास उद्देशून एक जाहीरनामा काढला. हे खरे नव्हे, ते खरे नव्हे, असे सहा नकार त्यात ओळीने दिलेले आहेत. युद्धास जर्मनी कारण झाली हे खरे नव्हे. बेल्जमच्या तटस्थतेचा भंग अन्यायाने झाला हे खरे नव्हे. लूव्हाँमध्ये आमच्या सैनिकांनी क्रौर्य केले हे खरे नव्हे. खाली सह्या होत्या त्या क्ष-किरणांचा शोध लावणाऱ्या राँटगेनच्या, पुंज-सिद्धान्ताच्या माक्स प्लांकच्या, मानसशास्त्राच्या वुंटच्या, ग्रीक विद्येच्या विलामोविट्सच्या, नाटककार गेरहार्ट हाउप्टमानच्या. यांपैकी कोणीही लूव्हाँला जाऊन चौकशी केलेली नव्हती. काहींनी तर मजकूर न पाहताच सहीस होकार दिला होता, असे पुढे उघड झाले. न वाचता सही करणाऱ्या सहशिक्षकास आम्ही शाळेत समज देतो. येथे युरोपातील अग्रगण्य बुद्धिमंत तेच करीत होते. ज्या माणसाने प्रयोगशाळेत एका काचपट्टीवरील अंधुक सावलीचा अर्थ लावण्यासाठी दिवसरात्र एक केली, त्यास शेजारच्या देशातील अडीचशे प्रेतांविषयी आपल्या सेनापतीचा शब्द पुरला. त्याच जाहीरनाम्यात, गौरेतर सैनिकांना श्वेतवर्णीयांवर सोडल्याबद्दल शत्रूस दूषण दिलेले आहे. हिंदी पलटणी सप्टेंबरअखेर मार्सेय बंदरात उतरल्या होत्या, हे स्मरले म्हणजे ते दूषण आमच्याही कानाला लागते.

या कृत्यास उत्तर म्हणून बर्लिनमधील शरीरशास्त्रज्ञ निकोलाई यांनी युरोपीयांना उद्देशून प्रतिआवाहन लिहिले. त्यावर स्वतः निकोलाईंखेरीज तिघांनीच नाव घातले. त्यांत एक आइन्स्टाइन. दुसरे वयोवृद्ध खगोलशास्त्रज्ञ फ्योर्स्टर, ज्यांची सही आधीच्या जाहीरनाम्यावरही होती. एकीकडे त्र्याण्णव, दुसरीकडे चार. प्लांक यांनी मात्र १९१६ साली डच शास्त्रज्ञ लोरेन्ट्स यांस लिहिलेले एक खुले पत्र प्रसिद्ध होऊ दिले. प्रत्येक जर्मनाच्या प्रत्येक कृत्याची हमी आपण घेऊ शकत नाही, असा त्याचा आशय. शब्द मोजकेच आहेत, तरी युद्ध चालू असता ते लिहिले गेले, म्हणून आम्ही ते मोलाचे मानतो.

आता दुसरा पक्ष पाहावा. १९१५ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये लॉर्ड ब्राइस यांच्या समितीचा अहवाल निघाला. ब्राइस हे स्वतः नाणावलेले इतिहासज्ञ. परंतु समितीपुढील साक्षी शपथेवर घेतलेल्या नव्हत्या, आणि त्यांतील काही अत्यंत भयानक कथांना पुढे आधार सापडला नाही. केंब्रिजमधील बर्ट्रंड रसेल यांस युद्धविरोधी पत्रकाबद्दल दंड झाला व त्यांच्या महाविद्यालयाने १९१६ साली त्यांचे अध्यापकपद काढून घेतले. युद्ध संपल्यावर स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन मंडळाने पराभूत राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांना १९२६ पर्यंत दाराबाहेर ठेविले. म्हणजे त्र्याण्णवांनी केलेल्या पापाचे प्रायश्चित्त, ज्यांनी सही केली नव्हती अशा जर्मन शास्त्रज्ञांनाही भोगावे लागले.

खरा अनर्थ त्यानंतर झाला. युद्धकालीन प्रचारातील असत्ये उघडकीस येऊ लागली. आर्थर पॉन्सन्बी यांचे त्या विषयावरील पुस्तक १९२८ साली निघून पुष्कळ वाचले गेले. आणि विचारी माणसांत अशी एक शिष्ट समजूत रूढ झाली, की बेल्जममधील अत्याचार ही सगळीच रचलेली कथा होती. सर्वच पक्ष खोटे बोलतात, असे म्हणणारा माणूस निःपक्षपाती दिसतो. दीनाँच्या ६७४ मृतांच्या कुटुंबांच्या दृष्टीने तो जाहीरनाम्यावर सही करणाऱ्याहून फारसा निराळा नव्हता. हा गुंता सोडविण्यास २००१ साल उजाडावे लागले. डब्लिनचे जॉन हॉर्न व ॲलन क्रेमर या दोघा अभ्यासकांनी जर्मन पलटणींच्या नोंदी, सैनिकांच्या रोजनिशा आणि बेल्जियन व फ्रेंच कागद एकत्र तपासून गावागणिक हिशेब मांडला. सुमारे साडेसहा हजार नागरिक मारले गेले होते. आणि ज्या नागरी बंदूकधाऱ्यांच्या भीतीने ते मारले गेले, तशी संघटित टोळी जवळजवळ कोठेच नव्हती. घाबरलेले सैनिक अंधारात पुष्कळदा एकमेकांवरच गोळ्या झाडीत होते. या ग्रंथाचा आम्हांस विशेष वाटतो तो असा की, जर्मन सैनिक खोटे बोलत होते असे तो म्हणत नाही. त्यांचा आपल्या भ्रमावर खराखुरा विश्वास होता, आणि तरीही त्यांनी मारलेली माणसे निरपराध होती. ही दोन्ही विधाने एका वाक्यात उभी करण्यास विद्वत्ता लागते.

साहित्याच्या वाचकास या प्रकरणात रोमाँ रोलाँ यांचे नाव प्रथम आठवेल. जिनिव्हाहून लिहिलेल्या त्यांच्या लेखांचा संग्रह रणधुमाळीच्या वर अशा अर्थाच्या नावाने १९१५ साली निघाला. स्वदेशीयांनी त्यांना देशद्रोही ठरविले. १९१९ साली त्यांनी काढलेल्या, विचाराच्या स्वातंत्र्याची घोषणा करणाऱ्या पत्रकावर रवीन्द्रनाथांनीही सही केली. रोलाँ यांच्याविषयी आमच्या पिढीच्या मनात आदर आहे व तो राहील. तथापि समीक्षक म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. उंचावर उभे राहिल्याने रणांगण दिसते, चेहरे दिसत नाहीत. ‘वर’ या स्थानात एक नैतिक सुख आहे, आणि त्या लेखांतील काही पानांवर ते सुख अक्षरांतून ओघळते. शिवाय लूव्हाँच्या दहनानंतर हाउप्टमानला त्यांनी लिहिलेले पहिले खुले पत्र उंचीवरून मुळीच लिहिलेले नाही; ते एका संतप्त फ्रेंच माणसाचे पत्र आहे, आणि म्हणूनच कदाचित अधिक जिवंत आहे. रोलाँ यांची निःपक्षपाती वृत्ती आम्हांस अधिक जाणवते ती वेगळ्या ठिकाणी. युद्धाच्या पहिल्या वर्षी जिनिव्हात रेड क्रॉसच्या युद्धकैदी कचेरीत बसून, बेपत्ता माणसांच्या चौकशीची पत्रे ते हाताळीत होते. त्या पत्रांत फ्रेंच आई व जर्मन आई असा भेद करण्यास जागाच नव्हती.

मार्क ब्लॉक यांचा मार्ग अगदी भिन्न. ते वर गेले नाहीत. चार वर्षे खंदकात राहिले, शौर्याबद्दल सन्मान मिळविला, आणि १९२१ साली युद्धातील खोट्या वार्तांविषयी एक छोटा निबंध लिहिला. बेल्जममधील बंदूकधाऱ्यांची दंतकथा कशी जन्मली याची मीमांसा त्यात आहे. परंतु फ्रेंच वाचकांना शत्रूच्या भ्रमाची कथा सांगताना ब्लॉक आपल्या पलटणीतील कथाही सांगतात. १९१७ साली एक जर्मन कैदी पकडला गेला. तो ब्रेमेन शहराचा व्यापारी. फ्रेंच शिपायांना ब्रेमेनचे फ्रेंच नाव परिचित नव्हते. जवळच ब्रेन नावाचे गाव होते. पाहता पाहता वार्ता पसरली, की हा मनुष्य युद्धापूर्वीपासून ब्रेनमध्ये दुकान थाटून राहिलेला हेर होय. माणसे जे ऐकू इच्छितात ते ऐकतात, हे ब्लॉक आपल्याच सोबत्यांच्या उदाहरणावरून दाखवितात, आणि मग त्याच नियमाने जर्मनांचा भ्रम समजावून देतात. समजावून देतात, माफ करीत नाहीत. स्वतः ब्लॉक यांना १९४४ च्या जूनमध्ये जर्मनांनी गोळ्या घालून ठार केले. म्हणून त्यांच्या समतोलास शत्रूविषयीचे अज्ञान म्हणण्याची सोय उरलेली नाही. रोलाँ आणि ब्लॉक यांत निवड करावयाची झाल्यास, शिक्षक म्हणून आम्ही वर्गात ब्लॉक वाचून दाखवू.

या दोघांहून अधिक अवघड स्थान आहे ते बेल्जियन इतिहासकार आंरी पिरेन यांचे. त्यांचा एक मुलगा १९१४ साली युद्धात पडला. ते स्वतः १९१६ पासून युद्ध संपेपर्यंत जर्मनीत स्थानबद्ध होते. लाम्प्रेक्ट या जर्मन इतिहासकाराशी असलेला त्यांचा जुना स्नेह, लाम्प्रेक्टने त्र्याण्णवांत सही केल्यावर संपला. १९२३ साली ब्रूसेल्सला इतिहासकारांची जागतिक परिषद भरली. अध्यक्षस्थानावरून पिरेन यांनी सांगितले, की राष्ट्राभिमानाच्या विषावर तौलनिक पद्धती हाच उतारा आहे. आपले राष्ट्र इतरांशेजारी ठेवून पाहिल्यावाचून त्याचे खरे माप कळत नाही. व्याख्यान उत्तम होते. सभागृहात मात्र एकही जर्मन प्रतिनिधी नव्हता, कारण जर्मनांना निमंत्रणच नव्हते. ते पुन्हा आले १९२८ साली, ऑस्लोच्या परिषदेत. पिरेन यांना या विसंगतीबद्दल दोष द्यावा की नाही, याचा निर्णय आम्हांस करवत नाही. ज्याचा मुलगा गेला आहे त्याच्या तोंडी तौलनिक पद्धतीचा उच्चार यावा, हेच मुळी थोडके नाही.

येथवर आम्ही माणसांविषयी बोललो. आता वाक्यांविषयी बोलू. कारण साहित्यसंस्थेच्या नियतकालिकाचे खरे कार्यक्षेत्र तेच होय.

तीस वर्षे मराठीचे व्याकरण शिकविताना एक गोष्ट आमच्या ध्यानी आली आहे. कर्मणी प्रयोग कर्त्याला लपवितो, असा आळ त्यावर इंग्रजीच्या अनुकरणाने घेतला जातो. मराठीपुरता तो अन्यायाचा आहे. ‘सैनिकांनी गाव जाळले’ हा कर्मणी प्रयोगच. त्यात कर्ता तृतीयेत गेला, तरी वाक्याच्या उंबऱ्यावर उभा आहे. ‘गाव जाळले गेले’ असे म्हणताच तो घरात शिरतो. ‘गाव जळाले’ असे म्हणताच घरातूनही नाहीसा होतो. मग वैशाखात कडब्याची गंजी पेटावी तसे ते गाव जणू आपोआप पेटले. जाळणे आणि जळणे, मारणे आणि मरणे, पाडणे आणि पडणे, अशा जोड्यांचे मराठीस मोठे वैभव लाभले आहे; हिंसेचे कथन करणाऱ्यास ते वैभव धोक्याचे आहे. याहूनही कावेबाज असा एक प्रकार आहे. ‘सैनिकांना गाव जाळावे लागले.’ येथे कर्ता दिसतो, पण चतुर्थीच्या रूपात. जाळणारा होता तो सोसणारा झाला, आणि दयेस पात्र ठरला. त्र्याण्णवांच्या जाहीरनाम्यात लूव्हाँविषयीचे विधान नेमके या घाटाचे आहे. जड अंतःकरणाने आमच्या सैनिकांना शहराचा एक भाग पेटविणे भाग पडले, असा त्याचा मथितार्थ. भाषा जर्मन असली तरी विभक्ती ओळखीची वाटते. वाचकांनी मागे जाऊन प्रस्तुत लेखातील लूव्हाँविषयीचा परिच्छेद पुन्हा वाचावा. तेथे आम्ही जर्मन सैन्यास बेल्जममधून चालविले, पण मारण्याची व जाळण्याची वाक्ये येताच क्रियापदे ‘गेले’, ‘आली’, ‘झाले’ अशी होत गेली आहेत. ती तशी मुद्दाम ठेविली आहेत. किती वाचकांस ती खटकली असतील, याचे कुतूहल आहे.

कर्ता सांगितला की काम भागले, असेही नाही. अमेरिकन देणग्यांतून लूव्हाँचे ग्रंथालय पुन्हा बांधले गेले व १९२८ साली उघडले. इमारतीच्या सज्जावर एक लॅटिन लेख कोरावयाचा होता. त्याचा भावार्थ असा, की हे मंदिर ट्यूटनांच्या उन्मादाने नष्ट झाले व अमेरिकेच्या दानाने पुन्हा उभे राहिले. विद्यापीठाचे प्रमुख लादेझ यांनी तो लेख लावण्यास नकार दिला. इमारतीचा शिल्पकार चिडला, गावात दोन तट पडले, लेखावाचून लावलेला कठडा एका संतप्त माणसाने हातोड्याने फोडला, प्रकरण न्यायालयात गेले. अखेर तो लेख त्या ग्रंथालयावर लागला नाही. विचार करण्याजोगी गोष्ट ही, की त्या लेखात कर्ता स्पष्ट होता. पण तो कर्ता म्हणजे एक अख्खा वंश; लूव्हाँ जाळणारी पलटण नव्हे. ज्या वाक्यात कर्ता नाही ते गुन्हेगारास सोडते, आणि ज्यात कर्ता राष्ट्राएवढा मोठा आहे ते त्या राष्ट्रातील चिमुरड्यासही पकडते. पहिले महायुद्ध संपताना जन्मलेले जर्मन मूल त्या लेखात आरोपी झाले असते. लादेझ यांचा नकार हा आम्ही साहित्यसमीक्षेचा उत्तम नमुना मानतो. १९४० च्या मे महिन्यात दुसऱ्या जर्मन स्वारीत ते ग्रंथालय पुन्हा जळाले (येथे ‘जळाले’ हेच क्रियापद तूर्त योग्य, आग कोणाच्या तोफेने लागली यावर वाद झाला होता), आणि तेव्हा लादेझ चुकले असे अनेकांना वाटले असेल. ते चुकले नव्हते.

शब्दनिवडीसाठी माणसे किती झगडतात याचे उदाहरण जपानचे. इतिहासकार साबुरो इएनागा यांनी आपल्या पाठ्यपुस्तकातील मजकुरावर शासनाने लावलेल्या कात्रीविरुद्ध १९६५ साली पहिला दावा लावला. शेवटच्या दाव्याचा अंतिम निकाल १९९७ साली लागला. चीनमधील जपानी सैन्याच्या कृतीस ‘आक्रमण’ म्हणावे की ‘आगेकूच’ अशा अर्थाच्या सौम्य शब्दाने तिचा निर्देश करावा, यावर १९८२ साली तर शेजारी राष्ट्रांशी तंटा उपस्थित झाला. इएनागांच्या बहुतेक मागण्या न्यायालयांनी फेटाळल्या. तथापि चीनमध्ये जिवंत माणसांवर प्रयोग करणाऱ्या ७३१ क्रमांकाच्या तुकडीचा उल्लेख गाळावयास लावणे बेकायदेशीर होते, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. एका परिच्छेदासाठी बत्तीस वर्षे.

जपानच्याच संदर्भात रवीन्द्रनाथांचा १९३८ चा पत्रव्यवहार आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. कवी व प्राध्यापक योने नोगुची हे शांतिनिकेतनात येऊन गेलेले स्नेही. चीनमधील युद्ध हे नव्या आशियाच्या उभारणीचे अटळ साधन आहे, असे त्यांनी रवीन्द्रनाथांना लिहिले. रवीन्द्रनाथांपुढे येथे मोठा मोह होता. पाश्चात्त्यांच्या साम्राज्याखाली भरडलेल्या देशाचे ते कवी. आशिया आशियाईंसाठी हे बोल त्यांच्या कानास गोड वाटावे असेच होते. जपानवर त्यांचे प्रेमही होते. त्यांनी उत्तर दिले, की असा आशिया कवट्यांच्या मनोऱ्यावर उभा राहील. आणि जपानी जनतेस त्यांनी यश चिंतिले नाही, पश्चात्ताप चिंतिला. युरोपच्या हिंसेस जे माप त्यांनी १९१७ च्या राष्ट्रवादावरील पुस्तकात लावले होते, तेच एकवीस वर्षांनी आशियाच्या हिंसेस लावले. पत्राची भाषा मित्राची आहे, आणि म्हणूनच ती अधिक कठोर लागते.

हे सर्व मराठी वाचक मान डोलवीत वाचील, आणि तेथेच ती सोयीची फसगत आहे. जर्मन, जपानी, बेल्जियन हे आमचे कोण लागतात? परक्यांच्या घरचा निःपक्षपातीपणा स्वस्त पडतो. म्हणून तोच निकष थोडा आपल्या अंगणात आणून पाहू.

१७४२ पासून १७५१ पर्यंत नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर वारंवार स्वाऱ्या केल्या. पहिल्या स्वारीचे नेतृत्व भास्करराम कोल्हटकरांकडे होते. बारगीर या आमच्या शब्दाचे ‘बर्गी’ असे रूप होऊन तो बंगाली अंगाईगीतात भीतीचे नाव म्हणून शिरला. कलकत्त्याच्या इंग्रजांनी मराठ्यांच्या भयाने खंदक खणण्यास घेतला. आमच्या शालेय टिपणांत या स्वाऱ्या येतात त्या ‘चौथाईच्या वसुलीसाठी’. त्यांचे नाव असते ‘मुलूखगिरी’, आणि बंगालच्या खेड्यांचे काय झाले हे सांगावयाचेच झाले तर ‘प्रदेशाची हानी झाली’. १७४४ साली अलीवर्दीखानाने भास्कररामास भेटीस बोलावून मारविले, ही हकिकत मात्र त्याच टिपणात ‘अलीवर्दीखानाने विश्वासघाताने ठार केले’ अशी येते. तो विश्वासघात होताच. शब्द खरा आहे. परंतु एकाच पानावर, एकाच लेखणीने, आपल्या हातून घडलेल्या कृत्यास कर्त्यावाचूनचे वाक्य आणि आपल्यावर ओढवलेल्या कृत्यास नाव, क्रियापद व क्रियाविशेषण यांसह पूर्ण वाक्य! त्र्याण्णवांना हसण्यापूर्वी आम्ही हे पान उघडावे.

येथे बृहन्महाराष्ट्राच्या वाचकांस एक जोडी आठवावी. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत आयुष्य घालविलेले रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई, आणि बंगालचे जदुनाथ सरकार. जदुनाथांचे १९१९ चे शिवचरित्र कित्येक मराठी पंडितांना रुचले नाही, आणि बंगालमधील मराठ्यांच्या स्वाऱ्यांविषयी ते हात राखून लिहिणारे नव्हते. तरी या दोघांचा स्नेह व पत्रव्यवहार काही दशके टिकला. पुणे रेसिडेन्सीच्या कागदांचे संपादन त्यांच्या सहकार्याने झाले. स्नेह म्हणजे एकमत नव्हे. मतभेदाचा मजकूर कागद दाखवून मांडावयाचा, एवढा करार त्यांच्यात होता, आणि तो दोघांनाही आपापल्या गावी महागात पडत असे.

आमच्या सीमाभागातील शाळांस तर ही परीक्षा रोजची आहे. १७९१ साली, टिपूविरुद्धच्या युद्धात, परशुरामभाऊ पटवर्धनांच्या सैन्यासोबतच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला व माणसे मारली. मठाच्या स्वामींनी टिपूकडे साहाय्य मागितले आणि टिपूने ते पाठविले. त्याची कन्नड पत्रे १९१६ साली म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्यास मठात सापडली. एकाच गावात मराठी वर्गात हे प्रकरण आलेच तर ते ‘पेंढाऱ्यांचे कृत्य’ म्हणून येते आणि कन्नड वर्गात ‘मराठ्यांचे’. पेंढारी हे शिस्तबद्ध फौजेचा भाग नव्हते, हा भेद खरा आहे व सांगितलाही पाहिजे. अट एकच, की हाच भेद आम्ही निजामाच्या वा टिपूच्या बेशिस्त टोळ्यांविषयी लिहितानाही करावा. उलटपक्षी, शृंगेरीची पत्रे हाती घेऊन टिपूने कोडगूत व मलबारात केलेले अत्याचार पुसू पाहणारेही आहेत. त्यांच्या हाती पत्र अस्सल असून निष्कर्ष खोटा आहे. एका कागदाने एका दिवसाचा पुरावा मिळतो, आयुष्याचा मिळत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की आपलेच दात नि आपलेच ओठ. शेजाऱ्यांनी आपली पाने उघडली नसता आम्हीच का उघडावी? राजकारणात या प्रश्नास वजन असेल. अभ्यासकास मात्र शेजाऱ्याच्या पानावर सही करण्याचा अधिकारच नाही. आपल्या पानावर आहे. फ्रेंच व जर्मन इतिहासशिक्षकांनी १९३५ साली एकत्र बसून पाठ्यपुस्तकांतील वादग्रस्त मुद्द्यांची यादी केली, ती हिटलरच्या राज्यात वाया गेली. १९५१ साली त्यांनी पुन्हा केली. दोन्ही देशांच्या शाळांसाठी एकच पुस्तक निघाले ते २००६ साली. दोन्ही बाजूंच्या शिक्षकांनी आपापले पान प्रथम उघडल्यावाचून ते निघते ना.

शेवटी ज्यांच्यावर हिंसा झाली त्यांच्यातील एका कवीकडे वळतो. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने या स्वाऱ्यांवर ‘महाराष्ट्र पुराण’ रचले. भास्कररामाचा पराभव वर्णिणारा त्याचा भाग आज उपलब्ध आहे. १९६५ साली एडवर्ड डिमॉक व प्रतुलचंद्र गुप्त यांनी तो इंग्रजीत आणला. मराठी वाचकास हे काव्य वाचणे सुखाचे नाही. कोणी मारले, कोणाला मारले, कोणती गावे जाळली, याची गंगाराम नावानिशी यादी देतो. हॉर्न व क्रेमर यांची गावागणिक मांडणी वाचताना आम्हांस ती आठवली. परंतु काव्याचा आरंभ मराठ्यांच्या क्रौर्याने होत नाही. पृथ्वीला पापाचा भार झाला, बंगालची माणसे धर्म विसरली, म्हणून शिवाने नंदीकरवी शाहूराजाच्या मनात स्वारीची प्रेरणा घातली, असे तो सांगतो. मराठे येतात ते देवाने पाठविलेले म्हणून. मग ते ब्राह्मणांना व स्त्रियांना छळतात, आणि ज्या दुर्गेची पूजा भास्करराम मांडतो तीच देवी त्याच्यावर उलटते. घर जळालेल्या माणसाने आधी आपल्या गावाचे पाप लिहिले, मग जाळणाऱ्याचे नाव लिहिले. आणि यांपैकी एकाने दुसऱ्याची फेड होते असे त्याला कोठेही वाटलेले दिसत नाही. आमच्या उच्च माध्यमिक वर्गांत बंगालच्या स्वाऱ्यांवर प्रश्न घालताना, गंगारामाचा एखादा परिच्छेद मराठीत करून प्रश्नपत्रिकेत छापावा आणि त्यातील कर्ता ओळखावयास सांगावे, असे आम्ही योजिले आहे.